निळी, लाल आणि वुंडान्यीची थंडी

मिकिंदानी, मोम्बासा
२ जुलै २०२३

मघांगा मामा, शिकामू, पाया पडते.

फोन करायचा सोडून ही पोरगी रिघा ड्रायव्हरच्या हातून चिठ्ठी का पाठवते, असं तुम्ही मामीला विचारलं असणार. कारण फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही. परवा मध्येच फोन कट झाला, तरी तुम्ही अकरा मिनिटं एकटेच बोलत होतात, असं मामीने सांगितलं. पत्रात तुम्हाला मला अडवता येणार नाही. रिघाची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी डोंगरावर येतेच, तेव्हा उत्तरही असंच पाठवा.

आधी गोड बातमी. वाचनालयाच्या कमिटीने माझं कार्टून घेतलं! वुरिया डोंगरावरचं सगळं धुकं गिळून टाकणाऱ्या तरसाची गोष्ट, बावीस मिनिटांची, अथपासून इतिपर्यंत आपल्या किदाविदा भाषेत. बारा डिसेंबरला, प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला सगळे गावी आलेले असताना, चर्चच्या मैदानात पांढऱ्या पडद्यावर दाखवणार. आपल्या पोरांनी टीव्हीवर बोलणारे प्राणी खूप पाहिले, पण त्यातला एकही आजवर आपल्या भाषेत बोललेला नाही. तुम्ही फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेला तरसाचा आवाज ऐकून कमिटीचे अध्यक्ष खुर्चीत उडाले म्हणे. पण बारा तारखेपर्यंत झालं नाही, तर ते नैरोबीच्या कंपनीचं तयार स्वाहिली कार्टून लावतील आणि माझं ‘पुढच्या वर्षी बघू’. कमिटीचं पुढचं वर्ष कधी उगवतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

चित्रं काढून झाली आहेत. आता मशीनने, म्हणजे कॉम्प्युटरने, एकेक फ्रेम पक्की करून द्यायची. अशा जवळजवळ बत्तीस हजार फ्रेम आहेत आणि धुक्याच्या फ्रेमना मशीन रडतं. माझं जुनं मशीन एकेका फ्रेमला वीस-वीस मिनिटं घेतंय. म्हणजे नवीन हवंच.

डिगो रोडवरच्या कॉम्प्युटरवाल्या अब्दुलसमदने माझ्यापुढे दोन प्रोसेसर ठेवले. एक निळ्या खोक्यातला, एक लाल खोक्यातला. किंमत सारखीच. निळी चिप तापट आहे, पण ताणली तर कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या कितीतरी पुढे पळते. मात्र तिच्या मदरबोर्डवर ह्यापुढची कुठलीच चिप बसणार नाही, तिथेच वंश संपला. लाल थोडी सावकाश, फार ताणून घेत नाही. पण तिच्या बोर्डावर पुढच्या दोन पिढ्यांच्या चिपा बसतील. हिशेब केला तर ताणलेली निळी नोव्हेंबरात काम संपवते आणि लाल अगदी बारा डिसेंबरला टेकते.

मला सध्या फक्त डिसेंबर दिसतोय. तुम्ही काय म्हणता? चिपा ताणण्यात अख्ख्या डोंगरात तुमचा हात धरणारं कोणी नाही, हे मी लोणी लावायला लिहिलेलं नाही. थोडं लावायलाही आहे.

तुमची,
वावुदा

•

वुंडान्यी
७ जुलै

वावुदा,

मराहबा, आशीर्वाद. अकरा नव्हे, नऊ मिनिटं.

अध्यक्ष खुर्चीत उडाले हे वाचून तुझ्या मामीने मला तरसाचा आवाज पुन्हा काढायला लावला. शेजारच्यांची शेळी दावं तोडून पळाली. तेव्हा आवाजाची काळजी सोड.

आता चिप. लाल घे.

कारणं सांगतो. मी चौतीस वर्षं फिजिक्स शिकवलं, त्यामुळे कारणांशिवाय माझ्या तोंडून उत्तर निघत नाही. मदरबोर्ड घेणं म्हणजे घराचा पाया घालणं. पायावर मजला चढवता येत नसेल तर तो पाया कसला, तो ओटा. आज निळी पळेल, मला मान्य आहे. दोन वर्षांनी तुझ्याकडे दुसरं कार्टून येईल, ते ह्याच्या दुप्पट मोठं असेल. तेव्हा काय करशील? सगळं मशीन फेकून देशील? लाल असली तर नुसती चिप काढायची, नवी बसवायची, थंड ठेवणारी पेस्ट लावायची, झालं. ते काम मी करून देईन. तू मशीन घेऊन वर यायचं, दोन दिवस राहायचं, नवी चिप घेऊन खाली जायचं.

तुला वाटेल, हा म्हातारा सत्तरीला टेकला तरी पुढच्या दोन पिढ्यांच्या चिपांच्या गोष्टी करतो. वाटू दे. ज्या चिपा अजून जन्मलेल्या नाहीत त्यांची मी वाट बघतो आहे आणि त्यात मला मजा येते.

आणि ताणण्याचं म्हणशील तर लाल चिपही ताणता येते, फक्त हात हवा. माझं सात वर्षांचं जुनं मशीन अजून खोक्यावर लिहिलेल्या वेगापेक्षा वीस टक्के जास्त पळतं. इंटरनेटवर देशातल्या ताणणाऱ्यांची यादी आहे, त्यात मी तिसरा आहे. पहिले दोघे पंचविशीची पोरं आहेत आणि मला ‘म्झे’ म्हणतात. म्हातारबाबा! मी त्यांना दोन महिन्यांत खाली खेचतो की नाही बघ.

कुठलीही घेतलीस तरी मशीन आधी माझ्याकडे पाठव. मी नीट बसवून, ताणून, परीक्षा घेऊन परत पाठवतो. पण ‘कुठलीही’ हे मी केवळ सभ्यता म्हणून लिहिलं. लाल घे.

मामीने रताळी घोटून किमंगा पाठवला आहे. रताळं घरचं आहे, लवकर खा.

तुझा मामा,
मघांगा

•

मिकिंदानी
१४ जुलै

मामा, शिकामू.

किमंगा गाडीतून उतरवतानाच संपला. निम्मा मी खाल्ला, निम्मा रिघाने वाटेतच. तुम्ही त्याच्याजवळ चौकशी करा, तो कबूल करेल.

मशीन घेतलं. जुळवलेलं नाही, सगळे भाग वेगवेगळे एका पेटीत बांधून दिले आहेत. रिघाने पेटी स्वतःच्या सीटशेजारी ठेवायचं कबूल केलंय आणि मी त्याच्याकडून चर्चची शपथ घेतली आहे.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुमचं म्हणणं बरोबर आहे. तरीही बारा डिसेंबरला टेकणारी चिप घेण्याची माझी छाती झाली नाही. एक दिवस वीज गेली की ती तेरा डिसेंबरला टेकणार. तेरा डिसेंबरला मैदानात कोणी नसतं, नुसत्या खुर्च्या गोळा करणारे असतात.

म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल. रागावू नका. दोन वर्षांनंतरचं दोन वर्षांनी बघू. आत्ता ह्या पोरीला जेवढं म्हणून ताणता येईल तेवढं ताणा. तुमच्याशिवाय कोणाच्या हातात मी ती दिली नसती.

तुमची,
वावुदा

•

वुंडान्यी
१८ जुलै

वावुदा,

पेटी मिळाली. उघडली. निळी.

मी रागावलेलो नाही.

मघांगा

•

वुंडान्यी
२१ जुलै

वावुदा,

मागचं पत्र फार छोटं झालं, असं तुझ्या मामीचं म्हणणं आहे. म्हणून हे लिहितो. मी रागावलेलो नाही.

मशीन जुळवलं. पंखा चांगला घेतलास. पेस्ट मी माझी वापरली, अब्दुलसमदने दिलेली टूथपेस्टसारखी होती. बुधवारी सकाळी चिपला हळूहळू चढवायला घेतलं. खोक्यावर पाच पूर्णांक दोन गिगाहर्ट्झ लिहिलंय. पाच-चारला ती डुलत होती, पाच-सहाला तिला घाम नाही. मग माझ्यातला मास्तर जागा झाला. पाच-आठ! सगळ्या कोअरवर! तीन दिवस तुझ्या धुक्याच्या फ्रेम चालवल्या, एकदाही मान टाकली नाही. एका फ्रेमला पाच मिनिटं. मी आणि मामी रोज संध्याकाळी मशीनपुढे शेंगा खात बसायचो आणि तरसाचं तोंड थोडं थोडं उघडताना बघायचो. मामी म्हणाली, “हे तरस अगदी तुमच्यासारखं जांभई देतं.”

मी म्हणालो, “ते गिळतंय.”

ती म्हणाली, “तेच ते.”

गुणाची आहे तुझी निळी, हे मान्य करतो. तिला पुढे वंश नाही एवढंच. पण तो आता तुझा प्रश्न आहे. मी काही बोलणार नाही. ह्यावर माझ्याकडून एक अक्षर निघायचं नाही.

मशीन शुक्रवारच्या गाडीने पाठवतोय. बायोसमध्ये, म्हणजे चिपच्या वेगाच्या सेटिंगमध्ये, हात घालू नकोस.

मघांगा

•

मिकिंदानी
२६ जुलै

मामा, शिकामू,

मशीन आलं, मी नाचले, शेजारच्या झुहुराबाईला बोलावलं, बटण दाबलं. नऊ मिनिटांनी पडदा काळा.

पुन्हा लावलं. सात मिनिटं.

पुन्हा. ह्या खेपेला अर्धं तरस आलं आणि गेलं.

प्लग बदलला. खोलीतली इतर सगळी उपकरणं बंद केली. इस्त्री, पंखा, फ्रीजसुद्धा. झुहुराबाईचं सगळं दूध नासलं, कारण ते माझ्या फ्रीजमध्ये होतं. अब्दुलसमद स्वतः येऊन बघून गेला. तो म्हणतो, माल चांगला आहे, मघांगा मास्तरांनी काय केलं ते त्यांनाच विचारा. मी त्याला म्हटलं, “मामांच्या हाताला नाव ठेवायचं नाही.” पण मामा, तुमच्याकडे तीन दिवस सलग चाललेली चिप माझ्याकडे दहा मिनिटं का चालत नाही? काल फोनवर मामीला सांगताना रडू आलं मला.

आज सव्वीस आहे. इथे एक-दोन फ्रेमपलीकडे काही झालेलं नाही.

वावुदा

•

वुंडान्यी
३० जुलै

वावुदा बाळा,

हे मी मकावासी मामी लिहितेय. तुझे मामा शेतात गेलेत, तेवढ्यात लिहून घेते.

ह्यात मशीनचा काही दोष नाही. तुझ्या मामांच्या पोटात राग आहे. निळी चिप निघाली त्या दिवसापासून बघतेय. किमंगा पुढ्यात ठेवला तर मुकाट खातात, मीठ जास्त झालं असंही म्हणत नाहीत. चाळीस वर्षांत असं झालेलं नाही. ‘मी रागावलेलो नाही’ हे मला दिवसातून चारदा सांगतात, मी विचारलेलं नसताना. आईच्या भावाने पोटात राग ठेवून हातात घेतलेली वस्तू भाचीच्या घरी कशी चालेल? हे आमच्या आज्यांना कळत होतं, त्यांना फिजिक्स येत नव्हतं तरी.

मी त्यांना सांगितलं, “खाली जा आणि कुतासा करा. राग चूळ भरून बाहेर टाका. पोरीचं काम अडलंय.”

ते म्हणाले, “मी शिकलेला माणूस आहे.”

मी म्हणाले, “मग शिकलेल्या माणसासारखी चूळ भरा.”

 मग ते मशीनच्या रिकाम्या जागेकडे बघत होते आणि एकदम कपाळावर हात मारून म्हणाले, “जातो. शनिवारी जातो.” एवढ्या चटकन कबूल होतील असं मला वाटलं नव्हतं. बघ, आतून त्यांनाही पटलंच आहे.

उसाचा ताजा रस तू तिथे घे. तुझे मामा चर्चचे वडीलधारे आहेत, त्यांना उसाची दारू तोंडात घ्यायला सांगू नकोस. आणि त्यांना गरम होतं, पंखा त्यांच्याकडे कर.

तू चार वर्षांत वर आलेली नाहीस, हेही ह्याच पत्रात सांगून टाकते.

मामी

•

मिकिंदानी
७ ऑगस्ट

मकावासी मामी, शिकामू.

काल मामांना गाडीत बसवून दिलं, आज लगेच लिहायला बसले. सगळं सविस्तर सांगते, कारण मामा तुला अर्धंच सांगतील.

शनिवारी दुपारी आले ते कोट घालून! मोम्बासात, कोट! घामाने चिंब. दारातच म्हणाले, “इथे नेहमी एवढं गरम असतं का?”

मी म्हटलं, “मामा, तुम्ही काय पहिल्यांदा येताय? आणि ही आमच्याकडची थंडी आहे.”

“हो, हो,” म्हणाले, आणि वर्गात उशिरा आलेलं पोर बघतं तसं मशीनकडे बघितलं. मग पाणी प्याले, कसावा कंदाचे तिखट काप एक पिशवीभर संपवले आणि म्हणाले, “वावुदा, मला नाक्यावरच्या त्या बाईची गोड, फुगीर माहमरी हवी. गरम. तळून घेऊन ये, आधी काढून ठेवलेली नको.”

मी गेले. रांग होती. वीस मिनिटांनी आले तर मामा खुर्चीत हात बांधून बसलेले, चेहरा अगदी प्रार्थनेतला.

“आण तो रस,” म्हणाले.

झुहुराबाई आली, तिची सून आली, खालचा शिंपी आला. मशीनपासून मी त्यांना चार हात लांब उभं केलं, कारण चिपवर उसाचा रस उडाला असता तर मग मलाच कुतासा करावा लागला असता. मामांनी घोट घेतला, तोंडात फिरवला आणि दाराबाहेर असा फवारा सोडला की शिंप्याने दोन्ही हात जोडले. मग म्हणाले, “माझ्या पोटात ह्या पोरीबद्दल राग असेल, तर तो हा गेला. होता. मी नाही म्हणत होतो, पण होता. ह्या घरात गारवा नांदो. हिच्या हाताला यश येवो.” पुन्हा घोट, पुन्हा फवारा. मामी, मी त्यांना असं कधी बघितलेलं नाही. मी सरळ त्यांच्या गळ्यात पडले, कोट ओला होता तरी.

मग बटण दाबलं. दहा मिनिटं. वीस. एक तास. तरसाने पूर्ण तोंड उघडलं आणि मिटलंसुद्धा! झुहुराबाईने अशी ललकारी दिली की रस्त्यावरचे लोक लग्न आहे का विचारायला आले. मग ती म्हणाली, मास्तरांनी जाण्याआधी एकदा तिच्या बंद पडलेल्या फ्रीजसमोरही चूळ भरावी. मामा म्हणाले, फ्रीजवर माझा राग नाही, तिथे उपयोग होणार नाही.

तेव्हापासून मशीन बंद पडलेलं नाही. तुझंच खरं ठरलं.

तुझी,
वावुदा

•

वुंडान्यी
११ ऑगस्ट

वावुदा,

हे पत्र वाच आणि फाडून टाक. मामीला ह्यातलं अक्षर कळता कामा नये.

गेले पाच दिवस मी गावात तोंड वर करून चालू शकत नाही. का, तर लोक माझा सत्कार करताहेत. तुझ्या मामीने बाजारात सगळ्यांना सांगितलं की मघांगा मास्तरांनी फवारा मारला आणि बिघडलेला कॉम्प्युटर चालू झाला. काल दोघे आले, एकाची मोटरसायकल सुरू होत नाही, दुसऱ्याचा जावई घरी येत नाही.

खरं सांगतो. तू माहमरी आणायला गेलीस तेव्हा मी बायोस उघडलं आणि चिपचा वेग पाच-आठवरून पाचवर आणून ठेवला. व्होल्टेजही उतरवलं. बाकी काही केलं नाही.

मी ती चिप जुलैच्या थंडीत ताणली होती, वावुदा. वुंडान्यीच्या जुलैमध्ये, जेव्हा धुकं घरात येऊन बसतं. मशीन खिडकीत, खिडकी सताड उघडी, आणि आम्ही दोघं ब्लँकेट पांघरून शेंगा खात होतो. मोम्बासाच्या हवेत ती चिप उकडून निघणार, हे सातवीच्या पोराने सांगितलं असतं. मी चौतीस वर्षं ‘उष्णतेचे वहन’ हा धडा शिकवला! त्यावर माझ्या स्वतःच्या हाताने काढलेला तक्ता अजून शाळेत लटकतो आहे. मामी कुतासाचं बोलत असताना मला ते एकदम लक्षात आलं आणि मी कपाळावर हात मारला. मग विचार केला, रागीट मामा म्हणून नाव झालेलं बरं. राग कोणालाही येतो. पण फिजिक्सचा मास्तर मोम्बासाचा उकाडा विसरतो, हे कळलं तर माझे विद्यार्थी मला बघून रस्ता बदलतील. त्यातले दोन तर आता इंजिनिअर आहेत.

आणि राग होता, तेही खोटं नाही. दारात उभं राहून मी जे बोललो ते नाटक नव्हतं. कशाचा राग, ते विचारू नकोस.

चिप पाचवर सुरक्षित चालेल. काम थोडं लांबेल. किती, ते हिशेब करून मला कळव. माझी हिंमत होत नाही.

मामा

•

मिकिंदानी
१५ ऑगस्ट

मामा, शिकामू.

पत्र फाडलं नाही. फ्रेम करून लावणार आहे.

मला ठाऊक होतं. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी झुहुराबाईने मासळीसाठी आणलेल्या बर्फाची घमेली मी पंख्यासमोर ठेवली आणि मशीन बर्फ वितळेपर्यंत छान चाललं. तेव्हाच कळलं. म्हणून तर माहमरीच्या रांगेत दोन माणसांना मी माझ्यापुढे जाऊ दिलं, म्हटलं मामांना वेळ मिळू दे. तुम्हाला आधीच फोन करून सांगितलं असतं, तर तुम्ही आला नसतात. आणि तुम्ही यायला हवे होतात. तुमचं ते दोन ओळींचं पत्र मला झोपू देत नव्हतं.

आता हिशेब ऐका. पाचच्या वेगाने काम संपतं सत्तावीस डिसेंबरला. खुर्च्यासुद्धा गोळा करून झालेल्या असतात. पाच-आठने संपतं नऊ डिसेंबरला. पण पाच-आठ वेग मोम्बासात मिळत नाही. तो एकाच ठिकाणी मिळतो.

तेव्हा शुक्रवारी रिघाच्या गाडीने मशीन येतंय, आणि ह्या खेपेला मशीनच्या सोबत मीही येतेय. नऊ डिसेंबरपर्यंत राहणार. लग्नांच्या व्हिडिओची पोटापाण्याची कामं मी तिथूनच करीन. मामीला सांगा, रताळी काढून ठेव. ब्लँकेटही. माझ्याकडे एकही नाही.

वावुदा

•

वुंडान्यी
११ जानेवारी २०२४

वावुदा,

पाच महिन्यांत मी एकही पत्र लिहिलं नाही, कारण जिला लिहायचं ती पलीकडच्या खोलीत बसून मला “मामा, जरा हळू घोरा, आवाज रेकॉर्ड होतोय” म्हणून ओरडत होती. तू सोमवारी खाली गेलीस आणि मी पुन्हा कागद घेऊन बसलो.

बारा डिसेंबरला तू सगळा वेळ प्रोजेक्टरच्या मागे होतीस. समोरून काय दिसलं ते तुला कोणी नीट सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगतो. मी पोरांच्या मध्ये जमिनीवर बसलो होतो. पडद्यावर तरस आलं आणि पहिलं वाक्य बोललं, तेव्हा माझ्या शेजारची एक चिमुरडी आपल्या भावाला म्हणाली, “हा आपल्यासारखा बोलतो.” भाऊ म्हणाला, “गप, ऐकू दे.” मग तरसाने धुकं गिळायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात खरं धुकं वुरियावरून उतरून मैदानात शिरलं. पडदा अर्धा दिसेनासा झाला. तू मागून “अरे देवा!” म्हणून ओरडलीस, ते मला ऐकू आलं. पण पोरांना काय वाटलं माहीत आहे? त्यांना वाटलं, तरसाने ओकलं! दोनशे पोरं एकदम उठली आणि त्या धुक्यात शिरली. तुझी चित्रं धुक्यावर पडत होती, पोरांच्या अंगावर पडत होती, तरसाचा डोळा एकाच्या पाठीवर, शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर. अध्यक्ष खुर्च्यांवर बसा, बसा म्हणून ओरडत होते, आणि मग तेसुद्धा आत शिरले. इतकी वर्षं मी ह्या गावात पोरांना बघतोय, इतकी हसलेली मी कधीच बघितली नाहीत. मी रडलो. मामीने बघितलं, पण ती गावात सांगणार नाही. हे एक गुपित तिने पाळलंय.

आता रस्त्याने जातो तर पोरं मला तरस म्हणतात. यादीतली ती दोन पंचविशीची पोरं म्झे म्हणायची, त्यापेक्षा हे बरं. हो, त्यातल्या एकाला मी खाली खेचलं. तुझ्याच निळीवर, नोव्हेंबरात, तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा. रागावू नकोस.

आता एक राहिलेलं. मी तुला म्हटलं होतं, कशाचा राग ते विचारू नकोस. तू विचारलं नाहीस. पाच महिने एका घरात राहूनही विचारलं नाहीस, म्हणून सांगतो.

लाल चिपच्या बाजूने मी जे लिहिलं ते सगळं शास्त्रशुद्ध होतं. पाया, मजले, सगळं. पण खरं कारण त्यातल्या एका ओळीत होतं आणि ती ओळ मी मुद्दाम सहज लिहिल्यासारखी लिहिली होती. लाल घेतली असतीस तर दर दोन वर्षांनी चिप बदलायला तुला वर यावं लागलं असतं. मी हिशेब केला होता. दोन पिढ्या, म्हणजे दोन खेपा तरी नक्की. चार वर्षं तू आलीच नव्हतीस, आणि ये म्हणून भाचीला सांगायला मला काही जमेना. मामाने असं लाचार व्हायचं का? म्हणून मी मदरबोर्डाच्या आड लपलो. पेटीतून निळी निघाली तेव्हा मला एवढंच दिसलं की ही पोर आता कधीच येणार नाही.

मी गणितात कधी चुकत नाही, वावुदा. पण इथे सपशेल चुकलो. लाल चिपने मला दोन-दोन दिवस दिले असते. तुझ्या निळीने पाच महिने दिले.

मामी विचारते आहे, मोम्बासात पोचल्यावर नीट जेवलीस का.

तुझा,
मघांगा मामा

•

मिकिंदानी
१६ जानेवारी २०२४

मामा, शिकामू.

मामीला सांगा, जेवले. चांगली दोनदा जेवले.

चार वर्षं मी का आले नाही, माहीत आहे? दर वेळी वाटायचं, काहीतरी करून दाखवल्याशिवाय मास्तरांच्या घरी कुठल्या तोंडाने जायचं. तुम्ही ‘ये’ म्हणत नव्हतात, म्हणून मला वाटलं, तुम्ही मी काहीतरी करण्याची वाट बघताय. तुम्ही मदरबोर्डाच्या आड लपलात, मी कामाच्या आड. आपण दोघं एकाच घरातली माणसं आहोत, ह्यात शंका नको.

इथून पुढे चिप बदलायची नसली तरी मी येणार. शुक्रवारी रिघाच्या गाडीत मला जागा मिळाली आहे. काम काहीच नाही, नुसतीच येतेय. दोन दिवस राहीन.

तुमची,
वावुदा